वर्गात गोष्टीची पुस्तकं: वाचायची, शिकवायची, की नुसती हाताशी ठेवायची?

होऊ घातलेली बाई

शिक्षक-प्रशिक्षणाचं शेवटचं वर्ष चालू आहे. पुढच्या सत्रात दोन वर्गांवर सरावपाठ घ्यायचे आहेत. एक वर्ग सात-आठ वर्षांच्या मुलांचा, दुसरा दहा-अकरा वर्षांच्यांचा. दोन्हीकडे ३५ च्या आसपास मुलं, ४० मिनिटांची तासिका, आणि आठवड्याला भाषेच्या तीन तासिका मोकळ्या मिळतील. त्या तासिकांना पाठ्यपुस्तकाबाहेरची गोष्टीची पुस्तकं घ्यायचं ठरवलं आहे.

यामागचा विचार साधा आहे. पाठ्यपुस्तकात गोष्टीचा तुकडा येतो आणि त्याखाली लगेच स्वाध्याय. सुरुवातीपासून शेवटापर्यंत अख्खं पुस्तक वर्गात क्वचितच वाचलं जातं. वाचलं तरी शेवटी 'यावरून काय बोध घ्याल?' हे ठरलेलंच. मला पुस्तकाला व्याकरणाचं किंवा मूल्यशिक्षणाचं निमित्त करायचं नाही. पण पाठटाचणात नुसतं 'आनंदासाठी वाचन' लिहिलं तर मार्गदर्शक विचारणार, उद्दिष्ट काय, मोजणार कसं? त्यांचंही बरोबर आहे.

सध्याचा कच्चा आराखडा असा: आधी फळ्यावर दहा कठीण शब्द अर्थासह, मग प्रकट वाचन, दर पानावर 'पुढे काय होईल?', आणि शेवटी कृतिपत्रिका. मोठ्या वर्गात मुलांनी आळीपाळीने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा.

यात काय चुकतंय ते परखडपणे सांगा. पुस्तकं कशी निवडायची आणि मोठ्या वर्गात अजून अडखळत वाचणारी मुलं असतील त्यांचं काय करायचं, हेही हवं आहे.

पानउलट

परखड हवंय तर दहा शब्द काढून टाका, दर पानावरचा प्रश्न काढून टाका, कृतिपत्रिका तूर्त बाजूला ठेवा. आळीपाळीच्या वाचनावर दुसरं कोणीतरी तुटून पडेलच.

आधी तयारीचं बोलू. पुस्तक स्वतः तीनदा वाचायचं. पहिल्यांदा मनात, वाचक म्हणून. दुसऱ्यांदा मोठ्याने, घड्याळ समोर ठेवून. ६००-७०० शब्दांचं चित्रपुस्तक चित्रं दाखवत सावकाश वाचलं तर आठ-दहा मिनिटं घेतं. पंधराच्या वर जात असेल तर लहान वर्गासाठी दोन बैठकी करा. तिसऱ्यांदा चिकटचिठ्ठ्या हातात घेऊन वाचा आणि कुठे थांबायचं, कुठला शब्द जाता जाता सोपा करायचा, कुठे आवाज उतरवायचा याच्या खुणा करा.

आता थांबे. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण छपाईच्या मोठ्या कागदाच्या घड्या आठ किंवा सोळा पानांच्या पटीत पडतात. शीर्षकपान वगैरे सोडलं की गोष्टीच्या वाट्याला साधारण १२ ते १४ जोडपानं येतात. म्हणजे पान उलटण्याचे क्षण डझनभरच. चांगला लेखक-चित्रकार त्यातले तीन-चार क्षण मुद्दाम ताणून ठेवतो. तुम्ही थांबायचं ते तिथेच, आणि पान उलटायच्या आधी. उलटल्यावर विचारलं तर उत्तर चित्रात दिसतच असतं. दर पानावर थांबलात तर दुसराच घोळ होतो. मुलं गोष्ट सोडून बाईंच्या मनातलं उत्तर शोधायला लागतात, तेच पाच हात वर येतात आणि दहा मिनिटांच्या गोष्टीला अर्धा तास लागतो.

प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहायचं. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. मेरी बड रो यांनी १९७० च्या सुमारास विज्ञानाच्या वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात असं दिसलं. तो वेळ तीन सेकंदांच्या वर गेला की उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. गोष्टीवरच्या प्रश्नालाही हेच लागू आहे. मनातल्या मनात पाच आकडे सावकाश मोजा.

पुस्तक धरण्यावर कोणी बोलत नाही, पण अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. मजकूर वाचून मग पुस्तक वर्गभर फिरवलं की शेवटच्या रांगेपर्यंत चित्र पोचताना पहिली रांग दुसऱ्या उद्योगाला लागलेली असते. म्हणून पुस्तक चेहऱ्याच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून, वाचत असतानाच उघडं धरायचं. त्यासाठी मजकूर जवळजवळ पाठ हवा. नसेल तर तो कागदावर उतरवून पुस्तकाच्या मागे धरा. तुमच्या पाठीमागे खिडकी नको, मुलांना पुस्तकाची काळी आकृतीच दिसते. गुळगुळीत कागदावर दिव्याची तिरीप पडते, ती आधी मुलांच्या जागेवर बसून तपासा. साध्या आकाराच्या पुस्तकातले बारकावे दोन-अडीच मीटरच्या पलीकडे दिसत नाहीत. बाकांवर बसलेल्या ३५ मुलांना लांबून चित्र दाखवण्यात अर्थ नाही. त्यांना जमिनीवर अर्धवर्तुळात जवळ घ्या, नाहीतर वर्गाचे दोन गट करा.

आणि ते दहा शब्द. आधीच फळ्यावर लिहिले की सात-आठ मिनिटं जातात आणि अर्धी गोष्ट तिथेच फुटते. त्यापेक्षा पुस्तकागणिक दोन-तीन शब्द निवडा. इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅककोवन यांनी शब्दांचे तीन थर सांगितले आहेत: रोजच्या बोलण्यातले, एखाद्या विषयापुरतेच लागणारे, आणि मधले, जे बोलण्यात कमी पण पुस्तकांत वारंवार भेटतात. 'हिरमुसणे', 'निमूटपणे', 'अनिच्छेने' हे मधल्या थरातले, आणि शिकवायचे ते हेच. वाचताना अर्थ अर्ध्या वाक्यात सांगून पुढे जायचं. गोष्ट संपल्यावर त्या शब्दाकडे परत या, मुलांकडून तो म्हणवून घ्या, गोष्टीबाहेरचं एक उदाहरण द्या, मग 'तुम्ही कुठलं काम अनिच्छेने करता?' असं विचारा. पुढच्या आठवडाभरात तुमच्या स्वतःच्या बोलण्यात तो शब्द चार-पाचदा आला पाहिजे. तेवढं झालं नाही तर तो टिकत नाही.

शेवटचा बाक

पानउलट यांच्याशी बहुतांशी सहमत, पण थांब्यांच्या बाबतीत नाही. पहिलं वाचन अजिबात न थांबता व्हायला हवं. तीन थांबेही नकोत. गोष्ट आधी कानावरून पूर्ण जाऊ दे. चर्चा दुसऱ्या वाचनाला, दुसऱ्या दिवशी. गोष्ट कुठे जाते हे एकदा कळलं की मुलांना ती कशी रचली आहे हे पाहायला उसंत मिळते. 'पुढे काय' या प्रश्नात मुलं अंदाज बांधतात, 'हे आधी कुठे कळत होतं' या प्रश्नात पुरावा शोधतात. दुसरं जास्त मोलाचं आहे.

मार्गदर्शकांना द्यायचं उत्तरही यातच आहे. लुईझ रोझेनब्लॅट यांनी वाचनाचे दोन पवित्रे सांगितले: एकात वाचक काहीतरी माहिती घेऊन बाहेर पडण्यासाठी वाचतो, दुसऱ्यात वाचत असतानाचा अनुभव जगतो. प्रत्येक वाचन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं. गोष्ट संपता क्षणी 'कोणाला काय मिळालं, कुठे मिळालं' विचारलं, की मूल पुढच्या वेळेपासून पहिल्याच पवित्र्यात ऐकायला बसतं. उद्दिष्ट म्हणून 'आनंद' लिहू नका. 'विद्यार्थी आपलं मत पुस्तकातल्या शब्दाचा किंवा चित्राचा आधार देऊन मांडतात' असं लिहा. ते दिसतं, ऐकू येतं, नोंदवता येतं.

प्रश्नांसाठी एक बनवलेली गोष्ट घेऊ. कोल्ह्याला वाटेत किल्ली सापडते. ती कोणाची हे विचारत तो ससा, बदक, अस्वल, सगळ्यांच्या दारी जातो. कोणाच्याच कुलपाला ती लागत नाही. दमून घरी येतो तर दार बंद, आणि किल्ली त्याच्याच दाराची. चित्रांत मात्र पहिल्याच पानावर त्याच्या कमरेला तुटलेली दोरी लोंबताना दिसते. मजकुरात दोरीचा उल्लेख कुठेच नाही.

'कोल्ह्याला काय सापडलं?' हा प्रश्न फक्त कोण जागं आहे ते तपासतो. 'तुम्हाला दुसऱ्याची वस्तू सापडली तर काय कराल?' हा वरकरणी छान वाटतो, पण पुस्तकाच्या बाहेर नेतो, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असतं: 'परत देऊ, बाई.' गोष्ट न ऐकलेलं मूलही ते देऊ शकेल. ज्या प्रश्नाचं उत्तर गोष्ट न ऐकता देता येतं तो प्रश्न खोडा, ही चाळणी प्रत्येक प्रश्नाला लावून बघा. उलट 'किल्ली कोणाची हे आधी कोणाला कळलं, आपल्याला की कोल्ह्याला? कुठल्या पानावर?' यासाठी पानं उलटावी लागतात. 'कोल्ह्याने कोणाला विचारलंच नाही?' यावर वाद होतो, आणि तसा व्हावा अशीच अपेक्षा आहे.

स्वतः प्रश्न काढायचा कंटाळा आला तर एडन चेंबर्स यांचे चार साधे प्रश्न पुरतात: काय आवडलं, काय आवडलं नाही, काय कोड्यात टाकलं, आणि काय पुन्हा पुन्हा आलं किंवा कशाशी जुळलं. फळ्यावर चार रकाने आखा आणि मुलं बोलतील तसं त्यांच्याच शब्दांत लिहा. शब्द सुधारून लिहिलेत तर पुढचं मूल तुमच्या भाषेत बोलायचा प्रयत्न करतं. चर्चा बहुधा तिसऱ्या रकान्यातून सुरू होते. 'काय आवडलं नाही' हा रकाना पहिल्या वेळी रिकामा राहील. पुस्तकाला नावं ठेवली तर चालतात हे मुलांना पटायला वेळ लागतो.

'का?' हा एकटा प्रश्न टाळा. मुलांना तो जाब विचारल्यासारखा वाटतो. 'तुला असं कशावरून वाटलं?' विचारलं की तेच मूल पानाकडे बोट दाखवतं.

चित्रवाचक

वरच्या दोरीचं उदाहरण चांगलं आहे, पण ती दोरी मुलांना आपोआप दिसेल असं धरू नका. आणि चित्रपुस्तकं फक्त लहान वर्गासाठी असंही धरू नका. चित्र एक सांगतं आणि मजकूर दुसरं, अशी पुस्तकं दहा-अकरा वर्षांच्या मुलांना जास्त खाद्य देतात, कारण त्यांना विसंगती पकडून त्यावर वाद घालता येतो.

मोठ्या वर्गाच्या एका तासिकेत हे बसतं. दोन-तीन जोडपानांवरचा मजकूर कागदाच्या पट्ट्यांनी झाका, पट्ट्या नुसत्या क्लिपने अडकवा, गोंद नको. मुलांच्या जोड्या करा. पहिली पाच मिनिटं फक्त बघायचं, लिहायचं नाही. पुढच्या दहा मिनिटांत प्रत्येक जोडीने त्या पानावर मजकूर काय असेल ते दोन-तीन वाक्यांत लिहायचं. मग पट्ट्या काढून मूळ मजकूर वाचायचा. उरलेल्या वेळात एकच प्रश्न: लेखकाने लिहिलं नाही असं तुम्ही काय लिहिलंत, आणि त्याने ते का सोडलं असेल? बहुतेक जोड्यांनी चित्रात दिसतंय तेच लिहिलेलं असतं, 'कोल्हा उभा आहे, झाडावर पक्षी आहे'. लेखक ते लिहीत नाही, कारण चित्राने ते सांगून टाकलेलं असतं. मुलांना हे या टप्प्यावर स्वतःहून दिसतं.

चित्र बघायला सांगितलं की मुलं वस्तूंची यादी करतात: झाड आहे, घर आहे, ढग आहेत. यादी तोडायची तर एक चित्र विचारूच नका, दोन शेजारी ठेवा आणि बदल विचारा. कोल्हा पहिल्या पानावर केवढा होता आणि सातव्यावर केवढा? चौकट कधी नाहीशी झाली? तो डावीकडून उजवीकडे जायचा तो उलट कधी वळला? मुखपृष्ठाच्या आतली कोरी वाटणारी पानंही तपासायला लावा. पुढची आणि मागची वेगळी असतील तर बदल मुद्दाम केलेला असतो.

शब्दविरहित पुस्तकात घाई हा मुख्य धोका. मजकूर नसल्यामुळे पूर्ण पुस्तक दोन मिनिटांत उलटून होतं. पहिल्यांदा न बोलता सगळं बघून घ्यायचं, दुसऱ्यांदा पानामागे निदान २० सेकंद थांबायचं, तिसऱ्यांदा सांगायचं. प्रत्येक जोडीची गोष्ट वेगळी होते. त्यातली 'बरोबर' कुठली हे तुम्ही ठरवायचं नाही, चित्रात आधार नसलेली कुठली एवढंच विचारायचं.

लहान वर्गासाठी एक सावधगिरी. नजरेच्या हालचाली टिपणाऱ्या प्रयोगांत, पुस्तक वाचून दाखवलं जात असताना वाचायला न शिकलेली मुलं जवळजवळ पूर्ण वेळ चित्रांकडेच बघतात असं दिसलं आहे, अक्षरांकडे फार क्वचित. त्यामुळे प्रकट वाचनातून शब्द, वाक्यरचना, गोष्टीची घडण हे सगळं मिळतं, पण अक्षरओळख आपसूक होत नाही. ती हवी असेल तर मजकुराखालून बोट फिरवत, मोठ्या अक्षरांचं मोठं पुस्तक सगळ्यांना दिसेल असं ठेवून, ध्रुवपदासारखं परत येणारं वाक्य मुलांसोबत म्हणत वाचावं लागतं. न्यूझीलंडच्या डॉन होल्डावे यांनी १९७० च्या दशकात हीच पद्धत रूढ केली. मोठं पुस्तक नसेल तर ते एकच वाक्य लांब पट्टीवर लिहून फळ्याला लावा. पण एका वाचनात एकच काम. बोट फिरवायचं त्या दिवशी दोरीबद्दल विचारू नका.

वर्गात कमी दिसणारं मूल असेल तर चित्राचं वर्णन तुमच्या वाचनाचाच भाग करा, आणि त्यातही दोरी 'सहज' सांगून जा. ठळकपणे सांगितलीत तर त्याच्यापुरतं कोडं संपलं.

होऊ घातलेली बाई

सगळ्यांचे आभार. कोल्ह्याची गोष्ट उसनी घेते आहे.

दोन शंका. एकच पुस्तक दोन-तीनदा वाचायचं तर सत्रात पुस्तकं किती होणार? आणि मोठ्या वर्गात १२० पानांची कादंबरी घ्यायचा विचार आहे. आळीपाळीचं वाचन नको तर ती संपवायची कशी? तिथे सात-आठ मुलं अजून शब्द सुटा सुटा वाचतात.

खडू-डस्टर

पुस्तकं किती होतात याला महत्त्व देऊ नका. लहान वर्गात आठवड्याला एक पुस्तक नीट, आणि बाकीची पाच-पाच मिनिटांत नुसती वाचून दाखवलेली, काही न विचारता. ही दुसरी वाचनं तासिकेत मोजूच नका, हजेरी झाल्यावर उरकता येतात.

आळीपाळीच्या वाचनाचा हिशोब करा. ४० मिनिटं, ३५ मुलं. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट, उरलेली ३९ मिनिटं दुसऱ्याचं अडखळणं ऐकायचं. चांगलं वाचणारी पुढचं पान वाचत बसतात. अडखळणारी आपला परिच्छेद कुठला ते मोजून मनातल्या मनात तोच घोटत असतात, म्हणजे मधली गोष्ट त्यांना ऐकूच येत नाही. त्यात कोणी चुकलं की चारजण एकदम शब्द सांगतात. वाचनाचा सराव होत नाही, आकलन होत नाही, आणि ज्याला सरावाची गरज सगळ्यात जास्त त्याची शोभा होते.

१२० पानांच्या कादंबरीत समजा २० प्रकरणं आहेत. आठवड्याला तीन तासिका. एका तासिकेला एक प्रकरण घेतलंत तर सात आठवडे लागतात, आणि चौथ्या आठवड्यात वर्गाला सुरुवात आठवत नाही. चार आठवड्यांत संपेल अशी आखणी करा. महत्त्वाची दहा-बारा प्रकरणं तुम्ही वाचा, मुलांची नजर पुस्तकावर. पहिली तीन नक्की तुमच्याच आवाजात, कारण पात्रांची नावं, निवेदकाचा सूर आणि काळाच्या उड्या तिथेच कळतात किंवा निसटतात. काही प्रकरणं जोडीने वाचायची. दोन-तीन कमी वजनाची प्रकरणं चार वाक्यांत सांगून पुढे गेलात तरी काही बिघडत नाही.

जोडी लावताना सर्वांत चांगला आणि सर्वांत कच्चा असे एकत्र बसवू नका, चांगलाच सगळं वाचून टाकतो. वाचनाच्या क्रमाने यादी करा, ती मधोमध कापा, आणि पहिल्या अर्ध्यातला पहिला दुसऱ्या अर्ध्यातल्या पहिल्यासोबत, दुसरा दुसऱ्यासोबत, अशा जोड्या लावा. फरक राहतो, पण दरी पडत नाही. दोघांनी तोच परिच्छेद वाचायचा, आधी जास्त सराईत असलेल्याने, मग दुसऱ्याने. चूक झाली तर तीन सेकंद थांबायचं, मग शब्द सांगायचा. हा नियम आधी प्रात्यक्षिक करून दाखवा, नुसता सांगून पाळला जात नाही.

सुटं सुटं वाचणाऱ्या मुलांसाठी सर्वांत उपयोगी पडतं ते वाचिक नाट्य. एखाद्या प्रकरणातला संवाद असलेला भाग घ्या, दीड-दोन पानांची संहिता करा, पाच-सहा जणांचा गट. निवेदकाचं काम दोघांत विभागा, नाहीतर एकच मूल निम्मी संहिता वाचतं. पहिल्या दिवशी तुम्ही वाचून दाखवा, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एका सुरात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भूमिका वाटून सराव, पाचव्या दिवशी वर्गापुढे. रोज दहा मिनिटं पुरतात. पाठांतर नाही, वेशभूषा नाही, कागद हातातच. मुद्दा असा की तोच मजकूर पाच-सहा वेळा वाचायला एक खरं कारण मिळतं, आणि पुनर्वाचनानेच शब्द जुळून ओघ येतो. कच्च्या मुलाला सर्वांत छोटी भूमिका द्यायचा मोह होतो. छोटी नको. ज्यात एखादं वाक्य परत परत येतं अशी द्या. संहिता लिहिताना ओळ अर्थाच्या तुकड्यावर तोडा, जोडाक्षरांनी भरलेलं वाक्य सोपं करा आणि अक्षर मोठं ठेवा.

गटचर्चेत प्रत्येकाला कामं वाटून द्यायची पद्धत आहे: एक प्रश्न काढणारा, एक शब्द शोधणारा, एक चित्र काढणारा. सुरुवातीला आधार म्हणून ठीक. दोन-तीन आठवड्यांत काढून टाका, नाहीतर शब्द शोधणारा फक्त शब्दच शोधतो, गोष्ट वाचत नाही. त्याऐवजी प्रकरणागणिक प्रत्येकाने तीन चिठ्ठ्या पानात लावायच्या: एक लक्षात राहिलेल्या जागी, एक कोड्यात पडलेल्या जागी, एक मागच्या कशाशी जुळणाऱ्या जागी. गटात चौघंच. सहा झाले की दोघं श्रोते होतात.

मधली सुट्टी

लहान वर्गासाठी एक भर. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेलं संवादी वाचन प्रशिक्षणात शिकवलं असेलच: विचारायचं, मुलाचं उत्तर तपासायचं, त्यात एक-दोन शब्दांची भर घालायची, भर घातलेलं वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं. मूल म्हणालं 'दोरी', तर तुम्ही 'हो, तुटलेली दोरी', मग 'तू सांग बरं, कसली दोरी?' हे मुळात घरी, एका पालकाने एका लहानग्याला वाचून दाखवताना तपासलेलं तंत्र आहे. ३५ जणांसमोर केलंत तर एकाशी संवाद आणि ३४ जणांना विराम. चार-पाच जणांच्या गटातच करा, रोज एक गट, दहा मिनिटं. बाकीच्यांना तेवढा वेळ पुस्तकं चाळू द्या. चाळणं हेही वाचनाच्या वाटेवरचंच काम आहे, शांतता नसली तरी.

उंदीर आणि कपाट

निवडीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

पहिली चाचणी: मधलं कुठलंही पान उघडा आणि मोठ्याने वाचा. जीभ अडखळली, वाक्य श्वासात मावलं नाही, पात्रं सूचनाफलकासारखी बोलायला लागली, तर पुस्तक खाली ठेवा. भाषांतरित पुस्तकांना ही चाचणी विशेष लावा. दुसरी: समस्या कोण सोडवतं? शेवटी मोठं माणूस येऊन समजावून सांगत असेल तर ते भाषण आहे. तिसरी: काम कोण करतं आणि मदत फक्त कोणाला मिळते? हे एका पुस्तकात न बघता अख्ख्या यादीत बघा. दहा पुस्तकांत मुलगी एकदाही झाडावर चढत नसेल, चाकाच्या खुर्चीतलं मूल दर वेळी दयेपुरतंच येत असेल, तर दोष यादीचा. रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये आरसे आणि खिडक्या असं म्हटलं होतं: मुलाला काही पुस्तकांत स्वतः दिसावं, काहींतून दुसरं जग दिसावं. काही मुलांना वर्षभर फक्त खिडक्याच मिळतात आणि काहींना फक्त आरसे. यादीच्या समासात प्रत्येक पुस्तकापुढे 'कोणासाठी आरसा?' लिहून काढा, कोण राहिलं ते लगेच कळतं.

एका पानावर पाच बोटं मुडपली, म्हणजे पाच शब्द अडले, तर पुस्तक कठीण, असा नियम सांगतात. पानावर २० शब्द असतील तर पाच म्हणजे चौथा हिस्सा, आणि २०० असतील तर काहीच नाही. शंभर शब्दांचा तुकडा वाचून घ्या. एक-दोन अडले तर मूल एकट्याने वाचू शकेल, पाचपर्यंत अडले तर मदतीने, दहाच्या वर गेले तर तुम्ही वाचून दाखवा. आणि हे फक्त उच्चारापुरतं. मूल खडाखडा वाचून काहीच न समजलेलं असू शकतं. उलट, कठीण पुस्तक एखाद्याला हवंच असेल तर हिसकावून घेऊ नका. आवडत्या विषयावर मुलं आपल्या पातळीच्या वरचं चिकाटीने वाचतात.

कपाटात २०० पुस्तकं कण्याकडून दिसतील अशी लावण्यापेक्षा ३०-४० मुखपृष्ठ समोर करून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी निम्मी बदला. नव्या पुस्तकाची ओळख एका मिनिटात करून द्या: एक चित्र, एक वाक्य, आणि थांबा. नोंदवही मुलांच्याच हातात. फाटलेल्या पुस्तकासाठी दंड नको, दुरुस्तीची पेटी ठेवा. दंड लावलात तर पुस्तकं नवी राहतात, कारण कोणी नेतच नाही. फक्त गोष्टीच नकोत. कविता, कोडी, माहितीची पुस्तकं निदान तिसरा हिस्सा. काही मुलांना गोष्टीत रसच नसतो, त्यांना यंत्रांचे आतले भाग बघायचे असतात. तेही वाचकच.

मृत्यू, घरातली भांडणं, आजारपण असे विषय आले तर पुस्तक आधी पूर्ण वाचा, वर्गशिक्षकांना विचारून घ्या, आणि वाचायच्या आधी एका वाक्यात सांगा की यात अमुक होणार आहे. 'तुमच्या घरी असं झालंय का?' हे चारचौघांत कधीही नको. पात्राबद्दल बोलू द्या. ज्याला स्वतःचं सांगायचं असेल तो नंतर येतो.

पानउलट

शेवटचा बाक यांचं न थांबता पहिलं वाचन लहान, घट्ट बांधलेल्या गोष्टीला मान्य. पण ज्यात काळ मागेपुढे होतो किंवा निवेदक खोटं बोलतो, तिथे एकही थांबा नसेल तर अर्धा वर्ग तिसऱ्या पानावर हरवतो आणि चर्चेला उरतच नाही. तिथे प्रश्न विचारू नका, स्वतः मोठ्याने विचार करा: 'थांबा हं, हे कालचं आहे की आजचं?' एवढं म्हणून पुढे.

मोजमापाचं राहिलं. कृतिपत्रिकेत मोकळ्या जागा भरून घेण्याऐवजी एका कागदावर वर्गाची नावं आणि तीन रकाने: आधार दिला, दुसऱ्याच्या म्हणण्यावर बोलला, स्वतः प्रश्न विचारला. एका तासिकेत पाचच मुलं बघायची. ३५ मुलं सात तासिकांत होतात. जोडीला प्रत्येक मुलाचं एकदा पुनर्कथन, दोन-तीन मिनिटांचं: कोण, कुठे, काय बिघडलं, काय केलं, कसं संपलं. त्यात जे सुटलं ते कुठल्या मुलाचं सारखंच सुटतं हे बघा. बहुतेकदा 'काय बिघडलं' सुटतं. मुलं प्रसंग ओळीने सांगतात, पण अडचण सांगत नाहीत.

घरी रोज २० मिनिटं वाचून पालकांची सही आणायची पद्धत मात्र ठेवू नका. सह्या होतात, वाचन होत नाही.

होऊ घातलेली बाई

एकच शेवटचं. पुस्तक आधी वाचलेलं एखादं मूल पहिल्याच पानावर ओरडलं, 'किल्ली त्याचीच असते!' तर?

शेवटचा बाक

वाचन सुरू करायच्या आधीच विचारा, 'हे कोणी वाचलंय?' हात वर करणाऱ्यांना जवळ बोलावून हळूच काम द्या: चित्रकाराने शेवट आधी कुठे कुठे दाखवून ठेवलाय ते मोजायचं, आकडा कागदावर लिहायचा, कोणाला सांगायचं नाही. त्यांची नजर चित्रातच अडकते. तरीही कोणी बोलून गेलंच तर दटावू नका. 'असेल, बघू या' एवढंच म्हणा आणि पान उलटा. निम्म्या वर्गाला तो त्याचा अंदाजच वाटतो.